वाकलेला दांडा, तुटलेलं पातं

जॉन ह्यूस्टन यांचा ‘द आफ्रिकन क्वीन’ (1951) प्रेमकथा म्हणून ओळखला जातो, साहसकथा म्हणूनही. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. पण बंद पडलेल्या इंजिनाशेजारी बसून, हात काळे करून, नेमकं बिघडलंय कुठे याचा माग ज्याने कधी काढला असेल, त्याला हा चित्रपट आणखी एका अंगाने भिडतो. एका जुन्या लाँचचा पंखा मोडतो, त्याचा दांडा वाकतो, आणि कारखाना, सुटे भाग, मदतनीस यांपैकी काहीही हाताशी नसताना दोन माणसं तो नदीकाठी बसून दुरुस्त करतात. पडद्यावर हा प्रसंग फार मोठा नाही. तरीही चित्रपटाचा कणा मला तिथेच दिसतो. प्रेम आणि साहस ही दोन्ही सूत्रं तिथे एकमेकांत गुंतून बळकट होतात.

मूळ कादंबरी सी. एस. फॉरेस्टर यांची, 1935 सालची. काळ 1914चा, पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलेलं. स्थळ जर्मनांच्या ताब्यातली पूर्व आफ्रिका. जर्मन फौज गाव जाळून लोकांना धरून नेते, त्या धक्क्याने मिशनरी सॅम्युअल सेयर खचतो आणि तापात जातो. मागे उरते त्याची बहीण रोझ. तिला न्यायला येतो चार्ली ऑलनट. खाणीचं सामान आणि टपाल पोचवणारा, जिनच्या बाटलीत रमणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा मेकॅनिक. ‘आफ्रिकन क्वीन’ ही त्याची तीस फुटी, लाकडं जाळून वाफेवर चालणारी लाँच. रोझ ठरवते, की उलंगा नदीतून खाली तलावात जायचं, लाँचवर असलेले गॅसचे सिलिंडर आणि सुरुंगाची दारू यांचे टॉर्पेडो करायचे आणि तलावावर गस्त घालणारी ‘लुइझा’ ही जर्मन गनबोट उडवायची. वाटेत शत्रूचा किल्ला आहे, खळाळ आहेत, उतरत जाणारे धबधबे आहेत. चार्लीची भूमिका हम्फ्री बोगार्ट यांची. त्यांना मिळालेलं एकमेव ऑस्कर याच भूमिकेसाठीचं. रोझ झाल्या आहेत कॅथरिन हेपबर्न.

ह्यूस्टन यांनी यंत्राची ओळख करून दिली आहे ती एका लाथेने. बॉयलरला पाणी पुरवणारा पंप अधूनमधून अडतो, यंत्र खडखडतं, वाफ फुसफुसते, आणि चार्ली उठून त्याला लाथ घालतो. यंत्र पुन्हा सुरळीत. विनोद म्हणून हे सहज खपून जातं, पण यातला धोका खोटा नाही. बॉयलरला पाणी सतत मिळावं लागतं. नदीचं गढूळ पाणी भरलं की नळ्यांत गाळ आणि गंज साठतो, पुरवठा तुटतो, आतली पातळी उतरते. मग आगीवरचा पत्रा पाण्याबाहेर उघडा पडतो, तापून मऊ होतो आणि वाफेच्या दाबाने फाटतो. म्हणजे प्रत्येक लाथेमागे एक स्फोट टळलेला आहे. बिघाडाचं कारण चार्लीला ठाऊक आहे. हाताखालच्या पोराकडून कधीतरी एक स्क्रूड्रायव्हर आत पडला, तो तिथेच आहे. मग काढत का नाही, असं रोझ विचारते. एक दिवस काढीन म्हणतो. पण लाँचला लाथ घालायला आपल्याला आवडतं, जगात आपल्याला तेवढीच तर आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलतो.

चार्लीची सगळी पत्रिका या उत्तरात आहे. त्याला निदान येतं, उपायही येतो, फक्त करायचं मनावर नाही. बिघाडासोबत नांदायची त्याने सवय करून घेतली आहे. जुनी यंत्रं सांभाळणाऱ्या माणसांत हा प्रकार नेहमी दिसतो. अमुक ठिकाणी टिचकी मारली की चालू होतं, तमुक नळी जरा दाबून धरली की गळत नाही, अशा खुणा साठत जातात आणि मालक त्यांनाच कौशल्य समजू लागतो. खरी दुरुस्ती मागे पडते. चार्ली अशाच मुक्कामावर थांबलेला माणूस आहे. त्याला तिथून हलवणं हे रोझचं या कथेतलं काम.

त्या आधी नदी आपलं म्हणणं मांडते. खळाळात लाँच टिकवायची तर एक नियम पाळावा लागतो. लाँचचा वेग पाण्याच्या वेगापेक्षा जास्त असला पाहिजे. सुकाणूवरून पाणी सरकत गेलं तरच सुकाणू वळवतं; प्रवाहाबरोबर नुसतं वाहत गेलं तर ते असून नसल्यासारखं. म्हणून जिथे भीतीने वेग कमी करावासा वाटतो, नेमकी तिथेच वाफ वाढवायची असते. रोझ सुकाणूवर, चार्ली भट्टीशी, अशी वाटणी पहिल्या खळाळातच पक्की होते. किल्ल्यापुढून जाताना गोळीबारात वाफेची नळी निसटते, आणि गोळ्यांच्या वर्षावात चार्ली ती जोडतो. ही घाईतली, जीव वाचवण्यापुरती दुरुस्ती. यानंतर दोघं एकमेकांच्या मिठीत येतात. दुसऱ्या दिवशी रोझ त्याला अगदी लाजत त्याचं पहिलं नाव विचारते. प्रेमाची कबुली झाली. सामान्य दिग्दर्शकाने इथून थेट लुइझावर झेप घेतली असती. ह्यूस्टन तसं करत नाहीत. कबुलीनंतर लगेच ते पंखा मोडतात.

पुढच्या खळाळातून लाँच बाहेर पडते ती दुखावूनच. चार्ली इंजिन थांबवतो. मला त्याचं हे थांबवणं फार मोलाचं वाटतं. दांडा वाकलेला असताना इंजिन चालू ठेवलं तर प्रत्येक फेऱ्याला तो बेअरिंग खरडत जातो, लाँचच्या अंगातून दांडा बाहेर पडतो तिथला ग्लँड सैल होतो आणि पाणी आत येऊ लागतं. एक बिघाड तीन बिघाडांना जन्म देतो. म्हणून निदानाची पहिली पायरी थांबणं हीच. मग तो पाण्यात उतरतो. कोकण किनाऱ्यावर पंख्यात जाळं किंवा दोर अडकला की होडीवरचा एक जण सुरी घेऊन खाली बुडी मारतो. जगभरच्या लहान बोटींवर हीच रीत आहे. वरून हजार तर्क केले तरी पंख्याचं खरं दुखणं हाताने चाचपल्याशिवाय कळत नाही. चार्ली वर येतो आणि सांगतो, दांडा स्क्रूसारखा पिळवटलाय, पंख्याचं एक पातं गेलंय. त्याच्या दृष्टीने प्रवास संपला.

इथून पुढचा संवाद मी चित्रपटातला सर्वोत्तम मानतो. रोझ अगदी सहजपणे म्हणते, मग दुरुस्त करायला हवं. चार्लीला तिचं अज्ञान हास्यास्पद वाटतं. दांडा सरळ करायचा तर तो लाल होईस्तोवर तापवावा लागेल, त्याला भट्टी लागेल, ऐरण लागेल. किनाऱ्यावर मोठा जाळ करता येईल ना, ती विचारते. नुसत्या लाकडाच्या जाळाने भागणार नाही, लोणारी कोळसा लागेल, भाता लागेल. मग ते करता येईल का? आणि पात्याचं काय? नवं बसवता नाही का येणार? हळूहळू चार्लीच्या उत्तरांचा सूर पालटतो. ‘नाही’ने सुरू झालेलं वाक्य ‘आता तसं पाहिलं तर’ असं वळण घेऊ लागतं. बोगार्ट यांचा चेहरा इथे बघण्यासारखा आहे. माणूस दुसऱ्याला नकार देताना स्वतःच उपाय शोधून बसल्याचं त्याला बोलता बोलता उमगतं, आणि ती उमज डोळ्यांत हळूच उजळते.

रोझला धातुकाम कळतं असा आव चित्रपट आणत नाही. निष्ठेच्या बळावर लोखंड वाकतं असंही तो सांगत नाही. ती करते एकच गोष्ट. ‘अशक्य’ हा अखंड दगड ती प्रश्न विचारून फोडते. आच हवी, आचेसाठी कोळसा, कोळशासाठी लाकूड, वाऱ्यासाठी भाता, ठोकायला कठीण बूड. प्रत्येक तुकडा सुटा पाहिला की हाताच्या आवाक्यातला निघतो. यंत्राचा बिघाड शोधणारा प्रत्येक चांगला मिस्त्री मनात हेच करत असतो. चार्लीकडे ज्ञान सगळं आहे, पण ते लाथेच्या सवयीखाली दबलेलं. रोझच्या प्रश्नांनी ते वर येतं. हेपबर्न यांनी 1987 साली लिहिलेल्या चित्रीकरणाच्या आठवणींत सांगितलं आहे, की रोझचा चेहरा फार गंभीर होतोय असं वाटून ह्यूस्टन यांनी त्यांना अमेरिकेच्या माजी फर्स्ट लेडी एलिनॉर रूझवेल्ट यांचं हसू डोळ्यांपुढे ठेवायला सुचवलं. जखमी सैनिकांना भेटायला गेलेल्या त्या बाईंचं प्रसन्न, धीर देणारं हसू. पंख्याच्या प्रसंगात हे हसू नसतं तर तिचे प्रश्न हेकेखोर वाटले असते. त्या हसण्यामुळेच ते प्रश्न आधार वाटतात.

मग काम सुरू होतं. दोघंही पाण्यात उतरतात, श्वास रोखून, पुन्हा पुन्हा, आणि दांडा-पंखा सोडवून काठावर आणतात. कोळसा पेटतो, भाता चालतो, घण पडतो. गावच्या लोहाराला बैलगाडीच्या चाकाची धाव तापवताना ज्याने पाहिलं असेल, त्याला हा प्रसंग परका वाटणार नाही. भात्यावर एक, घणावर एक, आणि दोघांचा ताल जमल्याशिवाय धातू वळत नाही. प्रेमी युगुलाला चांदण्यात बसवण्यापेक्षा भट्टीशी उभं करणं हा ह्यूस्टन यांचा आणि पटकथेत त्यांना साथ देणाऱ्या जेम्स एजी यांचा मोठाच विवेक. हुकूम करणारी बाई आणि कुरकुरत ऐकणारा गडी हे नातं भट्टीच्या धगीत वितळतं. फॉरेस्टर यांनी कादंबरीत या दुरुस्तीला याहून खूप जास्त जागा दिली आहे. एकेका अडचणीचा ते सावकाश पाठपुरावा करतात. चित्रपटाने ती लांबी आटपली, पण क्रम मोडला नाही. शोधणं, सोडवणं, तापवणं, ठोकणं, परत बसवणं, जपून चालवून पाहणं, प्रत्येक पायरी पडद्यावर आपल्या जागी आहे.

तांत्रिक खरेपणाच्या कसोटीवर हा प्रसंग किती उतरतो? लोणारी कोळसा आणि जोरकस भाता असेल तर लोखंड लालच काय, पिवळं-पांढरं होईस्तोवर तापतं. तेव्हा पोलादी दांडा तापवून ठोकून सरळ करणं शक्य कोटीतलं आहे. कार्यशाळेत वाकलेला दांडा आधारांवर फिरवून, डायल गेज लावून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत त्याचा बाक मोजतात. नदीकाठी नजर हेच गेज. पात्याच्या बाबतीत मात्र चित्रपट थोडा घाईत आहे. दोन तुकडे तापवून घणाखाली सांधायचे तर आच बाराशे अंश सेल्सिअसच्या वर न्यावी लागते. पंखा ब्राँझचा असेल, आणि बोटींचे पंखे बहुधा असतात, तर तो त्याआधीच वितळून जाईल. हा सांधा मेकॅनिकला खटकणारच.

तरीही एक गोष्ट चार्लीच्या बाजूने आहे, ती म्हणजे वाफेचं इंजिन. पंख्याच्या पात्यांचं वजन सारखं नसलं की फिरताना तो दांड्याला एका बाजूला ओढतो, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर हिसका चौपट. जुन्या पेट्रोल मोटरबोटीचं इंजिन नुसतं गुरगुरतानाही मिनिटाला पाच-सहाशे फेरे घेतं, पूर्ण वेगात ते तीन हजारांच्या घरात जातं. तिथे असं ओबडधोबड पातं काही क्षणांत बेअरिंग उखडून टाकेल. वाफेचं इंजिन अगदी मंद फिरतानाही पूर्ण जोर लावतं. त्यामुळे दुरुस्तीनंतर चार्लीला हलक्या वाफेवर, कान देऊन, एकेक फेरा पारखून घेता येतो. मंद यंत्र माणसाच्या चुका पोटात घालतं.

जुन्या मोटरबोटी नव्याने उभ्या करणारी मंडळी आजही जवळपास याच वाटेने जातात. बोट थरथरते म्हटल्यावर पहिला प्रश्न असतो, गिअर सोडल्यावर थरथर राहते का? राहिली तर दोष इंजिनात, थांबली तर दांड्यात किंवा पंख्यात. मग इंजिन आणि दांडा जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडून दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने चारही बाजूंनी मोजायची. चकतीच्या व्यासाच्या दर इंचामागे एक हजारांश इंच एवढाच फरक चालतो, असा सर्वमान्य दंडक आहे. ही मोजणी बोट काठावर असताना करून उपयोग नाही. लाकडी बोट पाण्यात उतरली की फुगते, तिचा आकार बदलतो. तिला पाण्यात स्थिरावू द्यावं आणि मग मोजावं. नव्या रंगाने, नव्या वार्निशने झळकणारी बोट पहिल्याच फेरीत थरथरते ती बहुतेकदा हा धीर न धरल्यामुळे. एकेक शक्यता वेगळी काढत जाण्याची ही शिस्त आणि रोझचे प्रश्न यांत जातीचा फरक नाही.

छायाचित्रण जॅक कार्डिफ यांचं. काँगो आणि युगांडातल्या खऱ्या नद्यांवर अवजड टेक्निकलर कॅमेरा नेऊन त्यांनी हे काम केलं. एका रात्री तर ती लाँचच बुडाली आणि उपसून वर काढावी लागली. पाण्यात उतरण्याची दृश्यं मात्र लंडनजवळच्या आयलवर्थ स्टुडिओतल्या टाक्यांत घेतली, कारण आफ्रिकेतल्या त्या पाण्यात कलावंतांना उतरवणं धोक्याचं होतं. पंख्याशी झटणारे बोगार्ट आणि हेपबर्न खरं तर इंग्लंडमध्ये भिजत होते. पण त्यांचा कोंडलेला श्वास आणि वर आल्यावरची धाप यांत नाटकीपणा नाही, आणि म्हणून आपण ती नदीच मानतो.

दुरुस्तीच्या या विजयानंतर ह्यूस्टन दुरुस्तीची मर्यादाही दाखवतात. पुढे नदी लव्हाळ्यांत हरवते. पंखा फिरायला पाणीच उरत नाही. चार्ली कमरेएवढ्या चिखलात उतरून दोराने लाँच ओढतो, अंगभर जळवा घेऊन वर येतो, आणि पुन्हा उतरतो. लाँचमध्ये आता कुठलाही बिघाड नाही, तरी ती हलत नाही. शेवटी पाऊस येतो, नदी फुगते, लाँच आपोआप तरंगते. इथे काही जणांना चमत्कार दिसतो. मला असं वाटतं, की पावसाने पाणी दिलं ते चालण्याजोग्या लाँचला. पंखा तसाच मोडका राहिला असता तर त्या पुराचा काडीचाही उपयोग झाला नसता.

लुइझामागे असलेलं खरं जहाजही या विषयाला साजेसं आहे. ‘ग्राफ फॉन गोएत्झेन’ जर्मनीत पापेनबुर्गला बांधलं गेलं, सुटं करून आफ्रिकेत आणलं आणि टांगानिका तलावाकाठी किगोमाला पुन्हा जोडलं. 1916च्या जुलैत माघार घेताना जर्मनांनीच ते बुडवलं. पण बुडवण्याआधी अभियंत्यांनी त्याच्या इंजिनांवर ग्रीसचा जाड थर चढवला. 1924 साली ब्रिटिशांनी ते वर काढलं आणि 1927 साली ‘लिएंबा’ या नावाने ते पुन्हा चालू लागलं. यंत्रावर माया असलेला माणूस ते बुडवतानाही पुढच्या दुरुस्तीची सोय करून ठेवतो, हे त्या ग्रीसच्या थराने दाखवून दिलं.

चित्रपटातली लाँचही खरी होती. इंग्लंडमध्ये लिथम इथे 1912 साली बांधलेली, पुढे कित्येक वर्षं पूर्व आफ्रिकेच्या पाण्यावर राबलेली. आज ती फ्लोरिडातल्या की लार्गोला आहे. 1992 साली अमेरिकेच्या ऐतिहासिक ठिकाणांच्या राष्ट्रीय यादीत तिचा समावेश झाला आणि 2012 साली मोठी दुरुस्ती होऊन ती पुन्हा प्रवासी घेऊन फिरू लागली. चित्रपटाचंही असंच झालं. टेक्निकलरच्या तीन वेगवेगळ्या निगेटिव्हवर असलेले रंग पुन्हा एकमेकांशी नेमके जुळवून त्याची नवी प्रत 2010 साली आली. या प्रतीत बॉयलरचा गंज, चार्लीच्या कपाळावरचं तेल आणि नदीचा हिरवा रंग वेगवेगळे ओळखू येतात. पंख्याचा प्रसंग पाहायचा तर याच प्रतीत पाहावा.

चित्रपटाच्या शेवटावर जुना आक्षेप आहे. कादंबरीत लाँच वादळात बुडते आणि जर्मन जहाजाचा निकाल लावतात ते ब्रिटिश आरमाराच्या बोटी. दोघांची सगळी धडपड वरवर वाया जाते. ह्यूस्टन यांनी हे बदललं. त्यांच्या चित्रपटात पाण्यात उलटी तरंगणारी लाँच आणि तिच्या नाळेतून बाहेर आलेले टॉर्पेडो यांवर लुइझा स्वतःहून येऊन आदळते. हा उघड उघड योगायोग आहे आणि कादंबरीचा शेवट वास्तवाला जास्त धरून आहे, हे मला मान्य आहे. पण योगायोग फक्त अखेरच्या टकरीपुरता. लाँच त्या तलावापर्यंत आली ती दोन माणसांनी तिचा एकेक बिघाड समजून घेतला, त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यावर हात चालवला म्हणून. लाथ मारून वेळ मारून नेणारा चार्ली तिला कधीच इतक्या दूर आणू शकला नसता. एवढ्या मेहनतीनंतर ह्यूस्टन यांनी लाँचच्या पदरात विजय टाकला, तो मला तिचा हक्काचा वाटतो.